मल्लूचे फेटे आणि माझी पत्रकं

या अंकाच्या संपादकांनी लेख मागताना दोन गोष्टी सांगितल्या. मोकळेपणानं लिहा, आणि नावं टाळा. दोन्ही एकाच दमात सांगितल्या. मी फोनवर वाद घातला नाही. वाद मी पत्रकात घालते.

या पानांवर दरवर्षी निवृत्त माणसं लिहितात हे मला ठाऊक आहे. पोस्टमास्तर, कंपाउंडर, एकदा तर विहिरीतले मोटार-पंप बाहेर काढणारे एक गृहस्थ होते, त्यांचा लेख मी दोनदा वाचला. मी एकतीस वर्षांची आहे. पण एका कामातून मीही निवृत्त झालेय. आठ वर्षं मी एका रॉक गायकाची जाहिरात केली. गायक मुरूम गावचा. नाव मल्लिनाथ, सगळे मल्लू म्हणतात. पोस्टर, पत्रक, फ्लेक्स, रिक्षावरून ओरडायचा मजकूर, सगळं माझ्या हातचं. त्याला आधी काळ्या बनियनमध्ये आणि नंतर केशरी फेट्यात ज्यांनी पाहिलं, त्यांनी एवढं समजून घ्यावं, की कपडे त्यानं घातले, पण घडी मी घालून दिली होती.

माझा मूळ धंदा पत्रकाचा. आमची संघटना म्हणजे सात माणसं आणि एक बॅनर. सातांत सुवाच्य अक्षर माझं, म्हणून लिहायचं काम माझ्याकडं आलं. पत्रक कसं असतं ते बाहेरच्यांना सांगते. कागद गुलाबी, कारण पांढरा कागद लोक सरकारी समजून टाकून देतात. आकार असा, की दुमडून खिशात गेला पाहिजे. लोक ते बाजारात घेतात, भज्याखाली धरतात आणि केशकर्तनालयात नंबर येईपर्यंत वाचतात. तेलाचा डाग पडूनही वाचता येईल एवढा टाइप मोठा हवा. पहिल्या ओळीत सवाल. दुसऱ्या ओळीत नाव. 'काही लोक', 'संबंधित घटक', 'हितशत्रू' असलं लिहिणारा माणूस पत्रक लिहीत नाही, नवस बोलतो. सवाल कुणाला आहे ते लिहायचं. हा नियम मी नव्या पोरींना शिकवते. तो मी स्वतः एकदा मोडला. हा लेख त्याबद्दल आहे.

बोरीची वाडी मुरूमपासून फार लांब नाही. तिथल्या विहिरीत कारखान्याच्या मळीचं पाणी उतरत होतं. मळीचं पाणी म्हणजे उसातून काढण्यासारखं सगळं काढून झाल्यावर उरतं ते तांबूस काळं, सडक्या वासाचं सांडपाणी. ते ओढ्यात सोडायचे आणि ओढा विहिरीत झिरपायचा. विहिरीचं पाणी चहासारखं दिसायचं. कारखान्याच्या चेअरमनना सगळे आबासाहेब म्हणतात. आडनाव लिहीत नाही, कारण गरज नाही. साहेब पायलीला पन्नास आहेत, पण तीन तालुक्यांत आबासाहेब एकच.

वाडीत आम्ही सभा घेतली. दुपारची वेळ, श्रोते अकरा, त्यातले चार आमचेच. तेवढ्यात मागं एक पिकअप गाडी येऊन थांबली. लग्न लावून परतणारी बेंजो पार्टी होती. बेंजो म्हणजे टायपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य. आमच्याकडं त्याला वीज लावतात आणि गाडीवर नवरदेवापेक्षा मोठे भोंगे चढवतात. घामानं निथळणारा एक माणूस उतरला आणि माझ्यापाशी आला.

"ताई, भाषण किती राहिलंय? आमाला रस्ता पायजे."

"अजून तीन वक्ते आहेत."

"तीन? आन् ऐकाय कोण हाय? ती शेळी?"

मी त्याला पाण्याचा प्रश्न समजावायला लागले. पहिल्या रांगेतली नागव्वा मधेच बोलली. नागव्वा म्हणजे वाडीतली सत्तरीची बाई. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि रागावली की दोन्ही. "आरं, तुझा भोंगा लई लांब जातोय. ह्यांचं काय ऐकू येत न्हाय. तूच इचार की त्या सायबाला, हे पाणी तू पिशील का म्हून."

तो माणूस, म्हणजे मल्लू, हसला. पण हसता हसता गाडीवर चढला. त्यानं बेंजोला एक डबा जोडला, त्यातून आवाज असा फाटून यायला लागला की शेळी खरोखर पळाली. आणि तो ओरडून गायला लागला:

*हिरीचं पाणी लाल गं बया, हिरीचं पाणी लाल,*
*सांगा सायेब सायेब आता, तुमी कोणतं पाणी प्याल?*

अकराचे शंभर झाले. मी खाली उभी राहून ओरडले, "कुठले साहेब? नाव घ्या!"

"नाव?"

"साहेब सतराशे साठ आहेत. सवाल कुणाला आहे ते सांगा, नाहीतर प्रत्येकजण शेजाऱ्याकडं बघेल."

त्यानं क्षणभर माझ्याकडं पाहिलं आणि पुढच्या फेरीला गायलं: *सांगा आबासायेब आता, तुमी कोणतं पाणी प्याल?* वाडी हबकली. मग नागव्वानं टाळी दिली. तेव्हापासून तो मला पत्रकबाई म्हणतो.

पुढची तीन वर्षं त्या गाण्याची होती. मल्लूनं सोलापुरातून जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली. बेंजो त्याला चाँदभाई उस्तादांनी शिकवला होता. त्यांनी गिटार हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि म्हणाले, "बटणं कुटं गेली रे हिची?" पण पाठीवर हातही ठेवला. मी पहिलं पोस्टर केलं. काळा बनियन, विस्कटलेले केस, तोंड उघडं, आणि वर मोठ्या अक्षरांत: 'आबासाहेब, कोणतं पाणी प्याल?' खाली 'मराठवाड्याचा रॉकस्टार'. बाजारात एका म्हाताऱ्यानं विचारलं, "रॉक म्हंजी?" मी म्हणाले, "ज्याला विचारायचं त्याला ओरडून विचारणं." तो म्हणाला, "मग आमची सून लई दिवसांपासून रॉक हाय."

माकणीपासून परंड्यापर्यंत पोरांनी केस वाढवले. काळे बनियन संपले. गावोगावी कुणीतरी बेंजोला डबा जोडून आपापल्या सरपंचाला सवाल विचारायला लागलं. मी मनाशी म्हटलं, पोरी, तू इतिहास घडवतेयस.

गिऱ्हाइकं मात्र इतिहासाला जुमानत नाहीत. परंड्याच्या एका आयोजकानं फोटो पाहून विचारलं, "मागं किल्ला टाकता येईल का?" टाकला. "आता हातात तलवार द्या." मी म्हटलं, हातात गिटार आहे. ते म्हणाले, "गिटार काढा की मग, दोन हातांत किती धरंल माणूस!" लोहाऱ्याकडच्या एका शेतकऱ्यानं तर बोअरला पाणी लागलं म्हणून जेवण ठेवलं आणि मल्लूला बोलावलं. "ते तुमचं पाण्याचं गाणं म्हणा." मल्लू म्हणाला, "काका, ते निषेधाचं हाय." काका म्हणाले, "आसू द्या, पाण्याचं हाय न्हवं?" जमलेल्या मंडळींनी निषेधावर फेर धरला, आणि लाल पाण्याच्या ओळीला बोअरवर गुलाल उधळला.

आता सत्काराबद्दल सांगायला हवं. बाहेरच्या लोकांना वाटतं, गाणाऱ्याचं तोंड बंद करायला पोलीस लागतात. आमच्याकडं शाल पुरते. शाल, श्रीफळ, फेटा, आणि 'आपल्या मातीतलं रत्न'. सत्काराला नाही म्हणणारा माणूस उद्धट ठरतो, आणि सत्कार घेतलेल्या माणसानं सत्कार करणाऱ्याला सवाल विचारला तर तो कृतघ्न ठरतो. या दोहोंच्या मधे बसायला जागा नाही. मल्लूनं पहिले सत्कार टाळले. कुणी शाल घेऊन आला की तो गिटारच्या तारा लावत बसायचा. शाल वाट बघून बघून दुसऱ्याच्या खांद्यावर जायची.

एका दुपारी मुरूमच्या छापखान्यात मी मुद्रितं तपासत होते, तेव्हा आबासाहेबांचे पीए आले. अतिशय गोड माणूस. शब्द तुपात तळून काढायचा.

"मॅडम, गाण्यात दम आहे. साहेब स्वतः गाडीत ऐकतात. यंदा हंगामाच्या शुभारंभाला मल्लिनाथरावांना बोलवायचंय."

मल्लूला राव लावलेला मी पहिल्यांदा ऐकला.

"ते तेच गाणं म्हणतील," मी म्हणाले.

"तेच म्हणा की! फक्त नाव तेवढं काढा. साहेबांनी वाडीला टाकी द्यायचं ठरवलंय, स्वच्छ पाण्याची. त्याच स्टेजवर जाहीर करणार. आता स्वतःच्या नावानं ओरडा ऐकत माणूस टाकी कशी जाहीर करेल, तुम्हीच सांगा."

वाडीत जाऊन नागव्वाला विचारणं हे एका दुपारचं काम होतं. मी विचारलं नाही. मला टाकी दिसायला लागली होती. खरं सांगायचं तर टाकीच्या पत्रकाचा मथळाही सुचला होता.

मल्लूला मात्र पटेना. "नाव काढलं तर सवाल कुणाला?"

"सगळ्यांना."

"सगळ्यांना म्हंजी कुणालाच न्हाय. तूच म्हणलीस."

"वाडीला पाणी मिळतंय, मल्लूअण्णा. तुमच्या तत्त्वापायी त्या बायकांनी अजून किती वर्षं चहा प्यायचा?"

हे वाक्य मला अजून पाठ आहे. चांगलं वाक्य होतं. चांगल्या वाक्यांनी मी फार नुकसान केलंय. मल्लू म्हणाला, "तू लिवणारी. तू म्हणतीस तर तसं."

शुभारंभाच्या पत्रकातूनही नाव मी काढलं. मंडप खच्चून भरला होता. मल्लूनं गायलं, *सांगा सायेब सायेब आता*. आबासाहेब पहिल्या रांगेत होते. ते मांडीवर ताल धरत होते. दुसऱ्या फेरीला ते उठले आणि जनतेकडं वळून, हात उंचावून स्वतःच गायला लागले, जणू सवाल त्यांचाच होता आणि उत्तर मंडपानं द्यायचं होतं. मग सत्कार. मल्लू तारा लावायला खाली वाकणार, तेवढ्यात पीएंनी पडद्यामागून चाँदभाई उस्तादांना हात धरून आणलं. त्यांच्या हातात केशरी फेटा होता. उस्तादांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. शागिर्दाचा मान होतोय, एवढंच त्यांना कळलं होतं, आणि डोळे भरले होते.

"बेटा, डोकं खाली कर," ते म्हणाले. "माजा हात आता वर जात न्हाय."

मल्लूनं डोकं खाली केलं. फोटो त्याच क्षणी निघाला. फोटोत उस्ताद दिसत नाहीत. फेटा, मल्लूचं झुकलेलं डोकं आणि आबासाहेब, एवढंच दिसतं.

टाकी आली. निळी, सिमेंटची, तीवर दात्याचं नाव ठसठशीत. पत्रकातून काढलेलं नाव टाकीवर गेलं, वाया गेलं नाही. नळही आले. उद्घाटनानंतर चौथ्या दिवशी कळलं, की टाकी भरायची मोटार त्याच विहिरीवर बसवलीय. पूर्वी लाल पाणी शेंदून काढावं लागायचं, आता नळानं यायला लागलं. ही सुधारणा मी नाकारत नाही.

मला वाटलं होतं, आता नाव परत घालू. पण गळालेलं नाव परत बसत नाही. नाव नसलेलं गाणं सगळ्यांना मापाचं झालं होतं. मागणी वाढली. मी पोस्टर बदलत गेले. 'रॉकस्टार'चा 'युवा गायक' झाला, 'युवा गायका'चा 'लोककलारत्न'. काळ्या बनियनच्या जागी जाकीट, मग नेहरू शर्ट. गिटार फोटोत राहिली, पण काठी धरावी तशी. पोरांनीही केस कापले आणि फेटे घेतले. प्रत्येक वेळी मी स्वतःला सांगत होते, अजून दोन कार्यक्रम, मग जोर आला की सवाल परत विचारू. जोर येत गेला. सवाल घरीच राहिला.

मग कारखान्याची निवडणूक आली. मुरूमच्या चौकात भर उन्हात आबासाहेबांच्या पॅनेलची रिक्षा पूर्वेकडून आली, विरोधी पॅनेलची पश्चिमेकडून. दोन्ही भोंग्यांवर एकच आवाज, एकच गाणं. *सांगा सायेब सायेब आता.* दोन्ही रिक्षावाल्यांनी गाड्या बंद केल्या आणि एकमेकांकडं बघत राहिले. आता भांडावं कशावरून? शेवटी पूर्वेकडचा म्हणाला, "तुझं संपू दे, मग माझं लावतो." पश्चिमेकडचा म्हणाला, "तू आधी लाव, तुझा आवाज बारीक हाय." लोक पोट धरून हसले. मीही हसले. घरी जाऊन मल्लूला फोन केला आणि सांगितलं, उद्यापासून तुमचं पत्रक मी लिहिणार नाही. तो म्हणाला, "बरं. पुढच्या आठवड्याचं तेवढं लिवून जा." ते मी लिहून दिलं. निवृत्ती अशी होते.

त्याला दोन वर्षं झाली. यंदा पावसाळ्यानंतर नागव्वाचा निरोप आला: वाडीत मल्लूचा सत्कार ठेवलाय, तूही ये. मी चकित झाले. मल्लू येणार याची मात्र खात्री होती. सत्काराला नाही म्हणायची त्याची सवय उस्तादांच्या हातून सुटली, ती सुटलीच.

सकाळची वेळ. नागव्वाच्या अंगणात पंधरा-वीस बाया. मल्लू फेटा बांधून, गाडीतून. मागं कडब्याची गंज होती, आणि तिच्यावर पाऊस लागू नये म्हणून आमचा जुना फ्लेक्स पांघरलेला. आमच्याकडं फ्लेक्स वाया जात नाही, पुढाऱ्यांपेक्षा गंजीच्या जास्त कामी येतो. उन्हानं रंग उडाला होता, तरी ओळखू येत होतं: काळा बनियन, उघडं तोंड, आणि वर 'आबासाहेब, कोणतं पाणी प्याल?' एक म्हैस त्याच्या कानापाशी तोंड घालून कडबा ओढत होती.

नागव्वानं स्वतःची शाल मल्लूच्या खांद्यावर घातली. नारळ दिला. मग एक तांब्या त्याच्यापुढं धरला. आत पाणी होतं, चहाच्या रंगाचं. बाया गायला लागल्या, *हिरीचं पाणी लाल गं बया*. दुसऱ्या ओळीत 'सांगा' म्हणून सगळ्या एकदम थांबल्या आणि मल्लूकडं बघत राहिल्या.

जागा त्यानं भरायची होती. त्याला कळलं. त्यानं तोंड उघडलं, आणि इतक्या वर्षांची सवय बाहेर आली: "...सायेब सायेब आता."

बाया हसल्या. चिडून नव्हे, लहान मूल पाढा चुकल्यावर हसतात तशा. तेच जास्त लागलं.

"जाऊ द्या," नागव्वा म्हणाली, "इसरलंय त्यो. मागं लिवलंय, पर त्यो मागं कशाला बघंल." मग तांब्या घेऊन ती माझ्यापुढं आली. "तू तर लिवणारी. तुला आठवत आसंल की."

"आबासाहेब," मी म्हणाले.

"आठवतंय व्हय? मग त्या कागदावर का न्हवतं?"

माझ्याकडं चांगली वाक्यं पुष्कळ असतात. त्या दिवशी एकही नव्हतं. मी तांब्या हातात घेतला. प्यायले नाही, हेही लिहून ठेवते. ओठाला लावला, वास आला, आणि खाली ठेवला. मल्लू त्या तांब्याकडं बघत होता. जाताना तो एकटाच गंजीपाशी गेला आणि म्हशीला हाकलून बराच वेळ उभा राहिला.

त्याच आठवड्यात मी गुलाबी कागद घेतला. पहिल्या ओळीत सवाल: बोरीच्या वाडीचं पाणी नासल्यावर कोण गप्प बसलं? दुसऱ्या ओळीत नावं. छापखानेवाल्यानं चष्मा वर केला. "आबासाहेबांचं ठेवायचं?"

"ठेवायचं. खाली मल्लिनाथचं घाला. त्याखाली माझं."

"तुमचं तर खाली 'विनीत' मधे असतंच."

"या वेळी वर घाला."

पत्रक वाटून दोन दिवस झाले आणि मल्लूचा फोन आला. आवाज तापलेला. "पत्रकबाई, माझं नाव आबासायबाच्या खाली का? कलाकार हाय म्या."

"अनुक्रम दोषाप्रमाणं आहे."

मग तो म्हणाला, "वाडीत पुढची सभा कधी हाय तुमची?"

"गुरुवारी. दुपारी."

"माइक हाय का?"

"नाही. भोंगा तुम्हीच आणायचा."

तो आला. गाडी नव्हती, कुणाच्या तरी पिकअपमधून आला. फेटा नव्हता. इतकी वर्षं फेट्याखाली राहून केस चपटे झाले होते, ते काही उभे राहिले नाहीत. गिटार आणली नव्हती. चाँदभाई उस्ताद पुढं बसले होते, त्यांचा जुना बेंजो मांडीवर घेऊन. त्यांनी तो मल्लूच्या हातात दिला. मल्लूनं डबा जोडला. पहिली ओळ फाटक्या आवाजात गेली. दुसऱ्या ओळीला 'सांगा' म्हणून तो थांबला, गंजीकडं बघितलं, आणि नाव घेतलं. एकदा नाही, सात वेळा घेतलं, जेवढी वर्षं ते घ्यायचं राहिलं होतं तेवढी. पुढच्या फेरीला त्या जागेवर स्वतःचं घातलं. त्याच्या पुढच्या फेरीला माझ्याकडं बोट केलं, आणि माझं बायांनी घातलं.

विहीर अजून लाल आहे. आमच्या नावानं कारखान्याची नोटीस आलीय, ती वेगळी. मल्लूचे पुढचे चार कार्यक्रम रद्द झाले.

आणि एक गोष्ट नोंदवायची राहिली. त्या दिवशी गाणं संपल्यावर बाया उठल्या, घागरी घेतल्या आणि कामाला गेल्या. त्याचा सत्कार कुणीही केला नाही.